मधल्या जागेचे ऋण

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याजवळच्या एका गावातील सार्वजनिक उद्यानाच्या विश्वस्तांनी मजकडे एक नकाशा पाठविला आणि त्यावर अभिप्राय मागितला. मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवितो. तेव्हा उद्यानाच्या नकाशाशी माझा संबंध काय, असे कोणासही वाटेल. विश्वस्तांपैकी एक गृहस्थ माझे जुने विद्यार्थी आहेत, एवढाच तो संबंध. या उद्यानाचे दोन भाग आहेत. एकीकडे संतांच्या मूर्ती, तुळशीचे वाफे आणि पारावर बसून हरिपाठ म्हणणारी वृद्ध मंडळी. दुसरीकडे घसरगुंड्या, झोके आणि मुलांचा कल्लोळ. या दोहोंच्या मध्ये कडुनिंबांची एक दाट रांग असून पायवाट तेथे वळण घेते. विश्वस्तांना आता एक मोठा आकाशपाळणा उभारावयाचा होता, आणि त्यासाठी त्यांनी नेमकी हीच जागा निवडली होती. नकाशावर संतांचा भाग हिरव्या रंगाने व मुलांचा भाग पिवळ्या रंगाने दाखविला होता. मधला पट्टा कोरा ठेवून त्यावर ‘मोकळी जागा’ एवढेच लिहिले होते.

त्या दोन शब्दांनी मला विचारात पाडले. जी जागा स्वतः कशासाठीच नाही, परंतु जिच्यामुळे दोन्हीकडच्या जागा आपापल्या राहतात, तिला मोकळी म्हणावे काय? आणि तेथे नवे काही उभारू पाहणारा माणूस तिचे काही देणे लागतो काय? प्रश्न दिसावयास वास्तुकारांचा आहे. पण थोडे खोल गेल्यास तो नीतीचा आहे, असे मला वाटू लागले.

ज्यांस आज ‘थीम पार्क’ म्हणतात, त्या उद्यानांचा सारा डोलारा अशा मधल्या जागांवरच उभा असतो. एकाच आवारात अनेक कल्पित प्रदेश शेजारी शेजारी वसवावयाचे, आणि प्रत्येकात शिरणाऱ्यास घटकाभर तेथलाच होऊ द्यावयाचे, ही त्यांची प्रतिज्ञा. आम्हां वऱ्हाडकरांस याचे उदाहरण दूर शोधावयास नको. अकोल्याहून मुंबईच्या दिशेने निघालेली गाडी पारस ओलांडून शेगावला येते. तेथे श्रीगजानन महाराज संस्थानने या शतकाच्या आरंभी दोनशेहून अधिक एकरांवर ‘आनंद सागर’ उभारला. पुढे तो बराच काळ बंद होता. परंतु तो भरात असताना ज्यांनी पाहिला, त्यांस तेथील रचना आठवत असेल. मुलांची छोटी आगगाडी, खेळणी, देवालये, संतांच्या मूर्ती हे सारे एकाच आवारात होते, आणि कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकाची आठवण व्हावी असे ध्यानमंदिर तळ्यातील बेटावर होते. आगगाडीची शिटी आणि ध्यान यांचे भांडण त्या तळ्याने मिटविले होते. ध्यानमंदिराकडे जाणाऱ्यास पाणी ओलांडावे लागे, आणि तेवढ्या वेळात मागचे मागे राही. आपल्या तहानलेल्या मुलखात एवढे पाणी केवळ मध्ये ठेवण्यासाठी खर्चिले, असे एखादा हिशेबी म्हणेल. पण ते पाणी नसते तर दोन्हीकडचे निम्मे व्यर्थ गेले असते.

आपल्या पूर्वजांस हे तत्त्व चांगले ठाऊक होते. वऱ्हाडात जी हेमाडपंती देवळे उरली आहेत, त्यांच्या सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना मध्ये एक लहानशी, किंचित अंधारी जागा लागते. शिल्पशास्त्रात तिला ‘अंतराळ’ असे नाव आहे. तेथे मूर्ती नसते, कीर्तन होत नाही; तेथे फक्त डोळे उजेडातून अंधाराकडे आणि मन गर्दीतून एकांताकडे वळते. नकाशाकाराने तिच्यावरही ‘मोकळी जागा’ असेच लिहिले असते.

काही वेळा अशी जागा कोणी मुद्दाम न घडविताही घडते. अमरावतीचा परकोट 1807 साली निजामाच्या अमदानीत उभा राहिला, तो पेंढाऱ्यांपासून सावकारांचे धन वाचविण्यासाठी. त्याच्या बांधणाऱ्यांच्या मनात सौंदर्याचा विचार क्वचितच असेल. परंतु जुन्या गावाच्या गल्ल्यांतून येऊन अंबागेटच्या कमानीखालून बाहेर पडले म्हणजे अंबादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्याची चाल आजही थोडी बदलते. पेंढारी गेले, भीती गेली. उंबरठा मात्र उरला.

आता प्रश्न नव्या भरीचा. काही वर्षांपूर्वी भाचीकडे अमेरिकेस जाणे झाले, तेव्हा फ्लॉरिडातील डिस्नेच्या उद्यानांत एक दिवस काढला. या उद्यानांचा मूळपुरुष म्हणजे 1955 साली कॅलिफोर्नियात उघडलेले डिस्नेलँड. बाहेरचे शहर आतून दिसू नये म्हणून त्याच्याभोवती मातीचा उंच बांध घातलेला आहे. फ्लॉरिडातील ‘एपकॉट’ हे उद्यान 1982 चे. तेथे एका तळ्याच्या काठाने निरनिराळ्या देशांची दालने मांडली आहेत. पुढे या दालनांच्या क्षितिजावर बाहेरून दोन भरी पडल्या. 1990 साली जवळच दोन प्रचंड हॉटेले उभी राहिली, एकावर हंसांच्या व दुसऱ्यावर माशांच्या अवाढव्य प्रतिमा. फ्रान्सच्या दालनाकडे कौतुकाने पाहावे, तो मागून ही हॉटेले डोकावतात. त्यानंतर चारच वर्षांनी, 1994 मध्ये, शेजारच्या दुसऱ्या एका उद्यानात 199 फूट उंचीचा, भुताटकीच्या हॉटेलाचा मनोरा बांधला गेला. तोही एपकॉटमधून, मोरोक्कोच्या दालनामागे, दिसणार हे उघड होते. तेव्हा बांधणाऱ्यांनी त्याचा रंग आणि माथ्याची घडण अशी ठेवली, की मोरोक्कोच्या मनोऱ्यांमागे तो त्यांच्याच गावचा वाटावा. तेथे उभा असताना भाचीने दाखवीपर्यंत तो मला वेगळा म्हणून ओळखू आला नाही.

उंची दोन्ही ठिकाणी होती. परके दोघेही होते. भेद एवढाच, की मनोरा बांधणाऱ्यांनी ‘आपण आपल्या आवारातून कसे दिसू’ याबरोबरच ‘आपण शेजाऱ्याच्या आवारातून कसे दिसू’ हाही प्रश्न स्वतःस विचारला. माझ्या मते शेजारधर्माची सारी मीमांसा या दुसऱ्या प्रश्नात सामावलेली आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. बांध घालून शहर लपविणे, मनोऱ्यास मोरोक्कोचा रंग देणे, हे सारे असत्याचरणच नव्हे काय? जे आहे ते दिसू द्यावे. डोळ्यांना फसवून मिळविलेली शांती काय कामाची? मला याचे उत्तर आपल्या लग्नमंडपात सापडते. वधूवरांमध्ये अंतरपाट धरतात, तेव्हा पलीकडे कोण उभे आहे हे दोघांसही पक्के ठाऊक असते. अंतरपाट कोणास फसवीत नाही. तो क्षण येईपर्यंत मनास सावरून धरतो, आणि योग्य वेळी दूर होतो. लपविणे दोन प्रकारचे असते. समोरच्याचे ज्ञान हिरावून घेण्यासाठी केलेले ते कपट. त्याचे लक्ष राखण्यासाठी केलेले ते आतिथ्य. कडुनिंबांच्या रांगेमागे मुले खेळत आहेत हे हरिपाठ म्हणणाऱ्या आजीबाईंस का ठाऊक नसते? त्यांचीच नातवंडे असतात ती.

दुसरा आक्षेप माझ्या मुलीने घेतला, आणि त्याने मला अधिक काळ झोपू दिले नाही. नकाशा पाहून ती म्हणाली, “बाबा, तुम्ही फ्लॉरिडाचा पाळणा पाहून आलात. या गावची पोरे जत्रेखेरीज पाळण्यात कधी बसणार? तुमच्या नजरेला खुपते म्हणून त्यांनी वंचित राहायचे का?” मी निरुत्तर झालो. अभिरुचीच्या नावाखाली आमच्यासारखे सुखवस्तू लोक पुष्कळदा दुसऱ्याचा आनंद नाकारीत आले आहेत, आणि ‘जुने तेच चांगले’ म्हणणाऱ्यांत ज्याचे जुन्यात चांगले चालले होते त्याचाच स्वर मोठा असतो. पाळणा नकोच, असे म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. ज्या पारावर आज वृद्ध बसतात, तोही एके काळी कोणाच्या तरी मोकळ्या रानावर नवा बांधलेला होताच.

या पेचात मी एका सायंकाळी प्रत्यक्ष उद्यानात गेलो. तेथला माळी झाडांना पाणी देत होता. त्यास विचारले, या वळणाचा काही उपयोग आहे का? तो म्हणाला, “सायेब, पोट्टे या वळनापर्यंत बोंबलत येतात, न् मंग आपोआपच चूप होतात. कोनी सांगत नाही त्याह्यले.” जे समजण्यास मला आठ दिवस आणि तीन पुस्तके लागली, ते त्याला रोजच्या पाण्याबरोबर उमजले होते. आणि त्याच्या बोलण्यात माझ्या मुलीचेही उत्तर होते. ते वळण केवळ वृद्धांसाठी नव्हते, मुलांसाठीही होते. कल्लोळातून शांततेत आपल्या पायांनी जाता येते, हे त्या मुलांना दुसरे कोण शिकविणार होते? पाळणा आणि रांग यांत मुलांचे हित एका बाजूस नव्हतेच. ते दोन्हीकडे होते.

मग अशा जागांचा बळी इतक्या सहज का जातो? कारण त्यांस कोणी वाली नसतो. सभागृहास देणगीदार मिळतो, कारण त्याच्या दारावर नाव कोरता येते. पाळण्यास मिळतो, कारण तो दुरून दिसतो. अंतराळास देणगी कोण देणार? प्रत्येक नवी भर स्वतःपुरती तपासली जाते, स्वतःपुरती निर्दोषही ठरते. हानी होते ती दोन निर्दोष गोष्टींच्या मध्ये, आणि तिचा जबाब कोणाकडेच मागता येत नाही.

हे मी परक्यांविषयी लिहीत आहे, असे वाचकांनी समजू नये. आमच्या अमरावतीच्या जुन्या घरास एक ओसरी होती. मुलीच्या अभ्यासासाठी खोली हवी म्हणून वीस वर्षांपूर्वी मी ती बंद करून घेतली. खोली आवश्यक होती, आजही तसेच म्हणेन. पण त्यानंतर शेजारचे गृहस्थ सायंकाळी येईनासे झाले. त्यांस घरात यावयाचे नसे आणि रस्त्यावर उभे राहावयाचे नसे; त्यांस मधली जागा हवी होती, आणि ती मी खोलीत जमा केली होती. कारण कळावयास मला फार उशीर लागला.

विश्वस्तांस मी लिहिले ते असे: पाळणा अवश्य उभारावा, परंतु मुलांच्या भागाच्या पलीकडच्या टोकास. संतांच्या मूर्तींजवळ, पारावर आणि वळणावर उभे राहून तो किती दिसेल हे आधी बांबू उभे करून पाहावे. त्याचा माथा झाडीवर येत असल्यास रंग सौम्य ठेवावा. कडुनिंबांची एक दुसरी रांग आजच लावावी. आणि नकाशावरील ‘मोकळी जागा’ हे शब्द खोडून तेथे काहीतरी नाव लिहावे, म्हणजे पुढच्या विश्वस्तांस ती रिकामी वाटणार नाही.

पहिली सूचना त्यांनी मान्य केली. बांबू उभे केले तेव्हा पारावरून पाळण्याचा वरचा चतुर्थांश दिसेल असे ठरले, आणि तेवढे सर्वांनी पत्करले. पाळण्यास देणगीदार मिळाला आहे. झाडांस अद्याप मिळालेला नाही.