सात नंबरची प्लेट

भोसरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात सरांचा क्लास होता. वेल्डिंगच्या जोडात लपलेले दोष अल्ट्रासॉनिकने कसे हुडकायचे, ते सर शिकवत. प्लेटला ऑइल लावायचं, प्रोब सावकाश फिरवायचा आणि आत गेलेला ध्वनी कुठे अडून परत येतो ते पडद्यावर बघायचं. पोलादात तो तिरपा ध्वनी सेकंदाला सुमारे 3,200 मीटर धावतो. आपण मात्र गोगलगाईच्या चालीने जायचं, असं सर म्हणत.

पहिल्या तासाला ते दरवर्षी कोलकात्याचा 1863 सालचा बॉयलरचा स्फोट सांगत. त्यात माणसं गेली, म्हणून पुढच्याच वर्षी बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे आले आणि शेवटी 1923 चा कायदा 1 जानेवारी 1924 पासून लागू झाला. तेवढ्यावर सर थांबत नसत. 1948 च्या कारखाने अधिनियमातलं आठवं कलम फळ्यावर लिहीत: कारखान्यात ज्याचे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहेत, त्याला निरीक्षक नेमता येत नाही. "तपासणारा कुणाचा मिंधा नको रे," असं म्हणून ते खडू खाली ठेवत.

सरांच्या लोखंडी कपाटात बारा प्लेटा होत्या. प्रत्येकीच्या जोडात त्यांनी स्वतः दोष घालून ठेवले होते. एकीत तडा, दुसरीत अडकलेला स्लॅग, तिसरीत धातू नीट न मिळाल्याने राहिलेली फट. सराव याच प्लेटांवर आणि परीक्षाही याच प्लेटांवर. शिकवणारे सर, तपासणारे सर आणि प्रमाणपत्रावर सहीही सरांचीच. अठरा वर्षांत एकही मुलगा नापास झाला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सहीसाठी सरांनी कधी कुणाकडून रुपया घेतला नाही. उलट गरिबाच्या पोराची फी ते सोडून देत. जे झालं ते लोभापायी नाही, मायेपोटी झालं. लोभ लवकर उघडा पडतो. माया अठरा वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आली नाही.

पुढे मोठे कारखाने आयएसओ 9712 या मानकाप्रमाणेच प्रमाणपत्र मागू लागले. आपणच शिकवलेल्या उमेदवाराची परीक्षा आपणच घ्यायची नाही, असा त्यातला दंडक. सरांना तो मनाला लागला. "माझी पोरं मला ठाऊक नाहीत का?" असं ते घरी दोन-तीनदा म्हणाले. पण इलाज नव्हता. नागपूरहून एक बाई परीक्षक म्हणून आल्या. त्यांनी स्वतःच्या प्लेटा लाकडी पेटीतून आणल्या होत्या. सरांच्या घरून डबा आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "परीक्षा आटपू दे, मग सगळे बसून जेवू." आणि सरांना त्यांनी गाळ्याबाहेर बसायला सांगितलं.

त्या तुकडीत गडहिंग्लजकडचा एक मुलगा होता. सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. साखर कारखान्यांचे बॉयलर तपासणाऱ्या एका कंपनीत त्याची नोकरी ठरल्यातच जमा होती. त्याने वीस मिनिटांत अहवाल लिहिला: डाव्या कडेपासून 62 मिलिमीटरवर तडा, लांबी 18 मिलिमीटर.

बाईंनी अहवाल सरांपुढे ठेवला. "या प्लेटमध्ये दोष नाही," त्या म्हणाल्या.

सर उठून आत गेले. त्यांनी स्वतः प्रोब हातात घेतला. तासभर पुढून, मागून, तिरका धरून पाहिलं. 62 मिलिमीटरवर पडद्यावर एक बारीक टोक उठत होतं खरं. पण ते जोडाच्या तळाला आलेल्या उंचवट्यावरून परतणाऱ्या ध्वनीचं होतं. प्रोब दुसऱ्या बाजूने लावला, अंतराचा हिशेब घातला, की शंका उरत नव्हती. हा फरक सरांनीच त्याला शिकवला होता.

मुलगा मान खाली घालून उभा होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, ती आपल्या सात नंबरसारखी दिसली. दोष नसलेली प्लेट परीक्षेला असेल, असं डोक्यातच आलं नाही."

"आणि सातमधला तडा तुला कसा सापडायचा?"

तो गप्प राहिला. सरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "तुम्ही मागे उभे असायचात ना, सर. प्रोब बरोबर जागी आला की तुम्ही 'हं' म्हणायचात."

सर खुर्चीवर बसले. तो 'हं' त्यांना स्वतःला कधी ऐकू आला नव्हता. लहान मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आईच्या तोंडून जसा आवाज निघतो, तसाच तो निघत असणार. पण ऐन गळीत हंगामात, रात्रपाळीला, बॉयलरच्या ड्रमशी या पोराच्या मागे 'हं' म्हणायला कोण उभं असणार होतं? आणि आधीच्या अठरा वर्षांतल्या पोरांच्या मागे आज कोण उभं होतं?

त्या दिवशी कुणीच नीट जेवलं नाही.

सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना हाताने पत्रं लिहिली. मी दिलेल्या सहीवर विसंबू नका, परक्या माणसाकडे परीक्षा द्या, फी मी भरतो, एवढाच मजकूर. काही जण चिडले. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकाने फोनवर ऐकवलं, "सर, तुम्ही आमची पोटं मारताय." सरांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यालाही दुसरं पत्र टाकलं. पुष्कळ जण आले, आणि त्यांतले काही नापासही झाले.

गडहिंग्लजचा मुलगा दुसऱ्या खेपेला पास झाला. त्या खेपेच्या एका अहवालात त्याने लिहिलं होतं, "दोष आढळला नाही," आणि ते बरोबर होतं.

बारा प्लेटा अजून कपाटात आहेत, फक्त सरावासाठी. परीक्षेच्या दिवशी सर सकाळी गाळा उघडतात, चावी परीक्षकांच्या हातात देतात आणि घरी जातात.