कोंबड्यांचं काय करायचं?

ताई-दादांनो, सुट्टीत मुलांसाठी बरेच जण घरी छोटं इनक्युबेटर आणतात. साधारण ३७.५ अंश ऊब, आत पाणी, १८व्या दिवसापर्यंत अंडी फिरवत राहायची, २१व्या दिवशी चिवचिव! मुलं हरखतात, आपणही.

पण पिलांत जवळपास निम्मे कोंबडे निघतात. ते अंडी देत नाहीत, पहाटे आरवतात, आपसांत झुंजतात. मग "कुणालातरी देऊन टाकू". तो 'कुणीतरी' काय करणार, हे आपल्याला ठाऊक असतं.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते तो तिचा स्वभाव. आपण मात्र ठरवून बटण दाबतो. म्हणून मला वाटतं, दहा अंडी ठेवण्याआधी चार-पाच कोंबडे म्हातारे होईपर्यंत अंगणात सांभाळता येतील का, ते घरात बोलावं. नसेल जमत, तर मुलं रुसली तरी मशीन आणू नये.