मीटर कधी खोटं बोलत नाही

माणसाला आपल्या चपलेचा नंबर पाठ असतो. चष्म्याचा नंबर पाठ नसला तरी डॉक्टरांचा कागद कपाटात नेमका कुठं आहे हे बायकोला ठाऊक असतं. शर्टाच्या कॉलरचा नंबर दर दिवाळीला अर्ध्या इंचानं वाढतो, म्हणून तो पाठ करण्यात अर्थ नसतो. पण तुमच्या गाडीच्या टायरचा नंबर काय, असं एखाद्या सुशिक्षित, पदवीधर, आयकर भरणाऱ्या गृहस्थाला विचारून पाहा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग टायरकडे बघेल आणि म्हणेल, "काळा."

मलाही या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. मी बँकेतला कारकून. माझ्या स्कूटरचा टायर संपला की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला विचारतो, "साहेब, टाकून देऊ?" मी म्हणतो, "टाका." तिथं तत्त्वज्ञानाला वाव नाही. पण माझ्या ताईचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि त्यानं तिथं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. माझदा कंपनीची एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोनच माणसं बसतात, छप्पर मागं दुमडता येतं आणि रात्री दिवे लावले की बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन दिवे वर येतात. भाच्याची गाडी त्या पहिल्या पिढीतली, म्हणजे १९९७ पर्यंत निघालेल्यांपैकी. भाच्यापेक्षा वयानं मोठी. "मुलगी दोन वर्षांनी मोठी सांगून आली तर नाकं मुरडतो, आणि गाडी मात्र चालते!" असं ताई म्हणाली. ते असो.

तर भाच्याचा फोन आला. "मामा, टायर संपलेत. कुठल्या साइजचे टाकू?"

"अरे, मला काय विचारतोस? तिथं दुकानं नाहीत?"

"दुकानं आहेत म्हणूनच विचारतोय. प्रत्येक जण वेगळं सांगतो. तू कॉमर्सवाला ना? यात सगळे आकडेच आहेत."

आकडे म्हटल्यावर मला नाही म्हणवत नाही. त्यानं नंबर सांगितला : १८५/६० आर १४. मला तो एखाद्या बंद पडलेल्या बचत खात्यासारखा वाटला. पण उलगडून पाहिला तर फार गमतीचा निघाला. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये : टायर १८५ मिलिमीटर रुंद. शेवटचा इंचात : आतली रिम १४ इंचांची. आणि मधला चक्क टक्क्यात! एका ओळीत तीन मापं. इतकी भेसळ आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकातही नसते.

टक्के आले की पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो : कशाचे टक्के? (कर्ज घेणारे तो विचारत नाहीत, म्हणून बँका चालतात.) इथं ते रुंदीचे. टायरची बाजूची जी भिंत असते तिची उंची रुंदीच्या ६० टक्के. म्हणजे १११ मिलिमीटर. ही भिंत रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा, अशी दोनदा धरायची. रिमचे ३५५.६, भिंतींचे २२२. एकूण चाकाची उंची ५७७.६ मिलिमीटर. झाला ताळेबंद.

आता अडचण अशी की १४ इंची रिमला चांगले, पळायच्या लायकीचे टायर हल्ली फारसे मिळत नाहीत. मोटारींची चाकं वर्षानुवर्षं मोठी होत गेली आणि लहान मापाची आवड असणारे पोरके झाले. त्यामुळे दुकानदार म्हणत होता, १५ इंची रिम घ्या. तिला १९५/५० टाका. मी हिशेब केला. १९५ चे ५० टक्के साडेसत्याण्णव, त्याची दुप्पट १९५, अधिक १५ इंचांचे ३८१. बेरीज ५७६! जुन्यात आणि नव्यात फरक फक्त १.६ मिलिमीटर. मी खुर्चीतून उठलोच. रिम एका इंचानं वाढली, टायर दहा मिलिमीटरनं रुंद झाला, आणि तरी चाक जवळजवळ होतं तेवढंच राहिलं. इतकी सुरेख टॅली आमच्या शाखेत मार्चअखेरीलाही लागत नाही.

पण हिशेबनिसाच्या डोक्यात लगेच दुसरा प्रश्न येतो. एका बाजूला वाढलं, तर दुसऱ्या बाजूला कमी काय झालं? कमी झाली ती भिंत. १११ ची साडेसत्याण्णव झाली. म्हणजे दिसणारं लोखंड वाढलं आणि धक्का खाणारं रबर घटलं.

इथं जरा थांबायला हवं. हवेचा टायर जगात कशासाठी वापरात आला? १८८८ च्या सुमारास बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले, ते त्या पोराला दगडी रस्त्यावरून जाताना कमी हादरे बसावेत म्हणून. लोकांनी बघावं म्हणून नव्हे. आणि आज आपण त्याच टायरची भिंत बारीक करत करत रिम चकाकत ठेवतो, कारण भिंत कुणाला दिसत नाही आणि रिम सगळ्यांना दिसते.

मला हे माणसांतही दिसतं. आमच्याकडं एक गृहस्थ होते. कारकून असेपर्यंत कुणी काही बोललं तर हसून सोडून द्यायचे. प्रमोशन झालं. रिम दोन इंचांनी वाढली. केबिन, वेगळा चहा, दारावर पाटी. पण माणूस बाहेरून तेवढाच राहिला, त्यामुळं आतलं रबर तेवढंच कमी झालं. मग शिपायानं "गुड मॉर्निंग" म्हणायला उशीर केला, एवढासा खड्डा, तरी थेट रिमला लागायचा. दिवसभर आवाज!

तरी भाच्याला मी १९५/५० ला मान्यता देऊन टाकली. न्यू जर्सीतले खड्डे त्यानंच बघायचेत. पण तो म्हणाला, "मामा, दुकानात १९५/५५ पण आहेत. सेलमध्ये. चाक जरा भरलेलं दिसतं. ते घेऊ?"

पाच टक्क्यांचा तर फरक, असं तुम्ही म्हणाल. मीही क्षणभर तसंच म्हणणार होतो, पण बोटं कॅल्क्युलेटरवर गेली. ५९५.५ मिलिमीटर! मूळच्यापेक्षा जवळजवळ १८ मिलिमीटर जास्त, म्हणजे ३.१ टक्के. आणि इथून पुढं प्रश्न टायरचा राहिला नाही.

त्याचं असं आहे. मोटारीचा मीटर रस्ता बघत नाही. रस्ता कसा असतो हे त्याला ठाऊकच नाही. या जुन्या गाडीत गिअरबॉक्समधून एक केबल निघते, ती फिरते आणि मीटर त्या फेऱ्या मोजतो. मीटर म्हणजे आमच्यातलाच, काउंटरमागचा कारकून. समोर येईल ते मोजायचं आणि नोंदवायचं. कारखान्यानं त्याला एकदाच सांगून ठेवलंय की चाकाच्या इतक्या फेऱ्या झाल्या की एक मैल लिही. मूळ चाकाच्या मापानं कागदावर हिशेब केला तर त्या साधारण ८८७ होतात. भाच्याच्या भरलेल्या चाकाचा मैल ८६० फेऱ्यांतच पुरा होणार. पण मीटर बिचारा ८८७ होईपर्यंत वाट बघणार. ६० चा वेग दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ ६२ नं पळत असेल. आणि खरे १०,००० मैल झाले तरी वहीत ९,७०० च मांडले जातील. तीनशे मैल बिनहिशेबी.

आता ही गाडी भाचा दोन वर्षांनी विकणार आहे, हे त्यानंच मला सांगितलं होतं. आणि जुनी गाडी घेणारा माणूस रंग बघतो, दार आपटून बघतो, पण पैसे देतो ते मीटरचा आकडा बघून.

मीटर मागं फिरवणं हा अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा ठरला. "पण मी मीटरला हातही लावत नाहीये," भाचा म्हणाला. खरं आहे. मीटरही खोटं बोलत नाही, त्यानं प्रत्येक फेरी इमानेइतबारे मोजली. टायरही खोटं बोलत नाही, त्याच्या अंगावर त्याचं माप ठळक अक्षरांत छापलंय. इतकंच काय, तो कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात जन्मला तेही चार आकड्यांत लिहिलेलं असतं. इतका उघडा कारभार ठेवणारी वस्तू विरळाच. दुकानदारानं मागितलं ते दिलं. भाच्यानं पैसे देऊन माल घेतला. सगळे प्रामाणिक! आणि या चार प्रामाणिकांच्या बेरजेतून तीनशे मैलांचं खोटं निघतं. ते बोललं कुणी?

बँकेत असा प्रसंग नेहमी येतो. व्हाउचर बरोबर, सही बरोबर, बेरीज बरोबर आणि रक्कम चुकलेली. अशा वेळी आम्ही एकच शोधतो : मोजपट्टी बदलली हे कुणाला माहीत होतं? ज्याला माहीत होतं, त्याची जबाबदारी. मीटरला माहीत नव्हतं. घेणाऱ्याला माहीत नसणार. उरला एकच. आणि माझ्या हिशेबामुळं तो आता अजाणही राहिला नव्हता. ज्ञान वाईट ते एवढ्याचसाठी.

पण आमचा भाचा इंजिनिअर. तो ऐकतोय थोडाच! म्हणाला, "मामा, टायर घासतो की नाही? नवीन टायरची नक्षी आठेक मिलिमीटर खोल असते आणि दीड-एक मिलिमीटर उरली की तो बाद. म्हणजे एकाच टायरची उंची आयुष्यात बारा-तेरा मिलिमीटरनं कमी होते. दोन टक्के! मग कारखान्याचा टायर तरी कुठं खरं सांगतो?"

मुद्दा बिनतोड होता. हे मला आधी सुचलं नव्हतं आणि कबूल करतो, आवडलं. म्हणजे जगातला प्रत्येक मीटर थोडाफार चुकतोच. युरोपात आणि जपानात तर संयुक्त राष्ट्रांचा नियमच आहे की वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालेल. आपण घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवतो, त्यातलाच प्रकार. चूक मान्य आहे, पण ती कुठल्या बाजूला झुकावी हे ठरलेलं आहे.

आणि त्यातच मला उत्तर सापडलं. टायर घासून लहान झाला की मैलाला फेऱ्या जास्त होतात आणि मीटर चाललेल्यापेक्षा जास्त मैल दाखवतो. नुकसान कुणाचं? मालकाचं. आणि मोठा टायर टाकला की मीटर कमी मैल दाखवतो. फायदा कुणाचा? मालकाचाच. घासण्यातली चूक आपल्या अंगावर येते, निवडीतली आपल्या खिशात जाते. मिलिमीटर दोन्हीकडे सारखेच असतील, पण खातं वेगळं.

आपल्याकडं रथाच्या चाकाचा आणि सत्याचा संबंध फार जुना आहे. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. (टायर घासण्याचा प्रश्नच नाही.) अश्वत्थामा मेला, असं तो मोठ्यानं म्हणाला आणि हत्तीचं नाव पुटपुटला. तेव्हा रथ टेकला खाली. शब्दशः पाहिलं तर तोही खोटं बोललाच नव्हता. त्यालाही मोजपट्टी बदललेली माहीत होती आणि द्रोणाचार्यांना माहीत नव्हती, एवढंच. १९५/५५ नं भाच्याची गाडी नऊ मिलिमीटर वर उचलली जाणार होती. चार बोटांपुढं ते काहीच नाही, आणि तेही सत्य सोडून.

मी त्याला सांगितलं, "घ्यायचे तर खुशाल ५५ चे घे. गाडी तुझी, आवड तुझी. फक्त टायर बसवलेस त्या दिवशीचा मीटरचा आकडा आणि टायरचं माप एका कागदावर लिही, खाली सही कर आणि तो कागद गाडीच्या पेपरांत ठेव. घेणाऱ्याच्या हातात दे. तीन टक्के जोडायचे की सोडायचे ते तो ठरवेल. आमच्याकडं याला खुलासा म्हणतात."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कागद लिहायचा, वर किंमतही कमी करायची?"

"कदाचित."

"त्यापेक्षा ५० चेच घेतो. महाग आहेत, पण लिहायला नको."

बहुतेक माणसं याच वाटेनं सज्जन होतात, असा माझा अनुभव आहे. खोटेपणाचा कंटाळा नसतो, खुलाशाचा असतो. मी त्यावर काही बोललो नाही. सेलमधल्या टायरचा मोह सोडणाऱ्यानं तो कोणत्या कारणानं सोडला, हे फार खोलात जाऊन तपासू नये.

मात्र तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. माणसं बोलायला लागली की मी त्यांचे टायर बघतो. रिटायर झालेले शेजारचे काका सांगतात, "आम्ही शाळेत रोज चार मैल चालत जायचो." पाच वर्षांपूर्वी तेच अंतर तीन मैल होतं. त्यात काकांचा दोष नाही. टायर घासलेत, मीटर जास्त दाखवतोय. आणि पन्नाशीला आलेल्या काही माणसांचा मीटर गेली आठ वर्षं बेचाळिसावरच रेंगाळलाय. तिथं काय बदललंय हे विचारायची सोय नाही. कारण त्यांतल्या निम्म्या माझ्याच नात्यातल्या आहेत, आणि एक तर रोज सकाळी मला चहा देते.