माप गावाच्या हाती

कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्या, कातकरीवाड्या आठवा. भातलावणी उरकते आणि घरातली कणगी तळाला जाते. बाजारात भाव चढतात तेही तेव्हाच. मग सावकाराचं दार. माथेरानच्या भाई कोतवालांनी हे दुखणं ओळखलं आणि स्वातंत्र्याआधीच इथे धान्यकोठ्या काढल्या. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं धान्य बँका चालवल्या. पावसाळ्यात भात न्यायचं, सुगीला थोडं वाढवून भातच परत करायचं. भाव कितीही चढो, हिशेब पैशात नाही, पायलीतच. माप गावाच्या हाती.

हेच दुखणं दूरदेशीही दिसतं. २००८ साली हैतीत तांदूळ महागला, लोक रस्त्यावर उतरले, पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. स्वस्त परदेशी तांदळानं तिथल्या शेतकऱ्याचं कंबरडं आधीच मोडलं होतं. अशा देशात मदतीला गेलेल्या माणसाला वाटतं, पटापट पोती उतरवावीत. खरंच आहे, उपाशी लेकराला थांब म्हणता येत नाही. पहिलं पोतं तातडीनं उतरवावंच. पण ते कुणाच्या दारी आधी जावं, हे वस्तीतल्या बायकांना विचारायला कितीसा वेळ लागतो? माप गावाच्या हाती असावं. कुणी म्हणेल, गावातही दांडगे असतात. असतात ना! म्हणून तर माप अंधाऱ्या खोलीत नको, चावडीवर भरावं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बाहेरून आलेल्यानं तिथे उभं राहावं. म्हातारीची पायली शिगोशीग भरली का, तेवढं पाहावं. दुसऱ्या पोत्याचं भात मात्र तिथल्याच शेतकऱ्याकडून, रास्त भावानं घ्यावं.