तुलनेची नीती : तांडा, पोड आणि स्थलांतरितांचा हिशेब

१

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी मराठी साहित्य शिकविणाऱ्या अध्यापकाला काही प्रश्न ग्रंथांच्या आधी वर्गात भेटतात. पदव्युत्तर वर्गात भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचा विचार चालू होता. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वाचून झाले होते आणि आत्माराम राठोड यांच्या 'तांडा'कडे आम्ही वळलो होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तांड्याचं आत्मकथन आहे, मग पोडाचं का नाही?" कोलामांच्या वस्तीला आमच्या भागात पोड म्हणतात. मी उत्तराची जुळवाजुळव करीत असतानाच मागच्या बाकावरून आवाज आला, "त्यांना पुढं यायचंच नसतं, सर. तांडेवाले बाहेरून आले अन् पुढं गेले. हे इथलेच असून तिथंच राहिले." या उत्तरावर कोणी हसले नाही. बहुतेकांनी मान डोलावली, आणि अस्वस्थ करणारी गोष्ट हीच होती.

त्या उत्तराची घडण तपासण्यासारखी आहे. त्यात तीन विधाने एकापाठोपाठ एक येतात. पहिले वर्णनात्मक आहे : दोन समाजांच्या सांपत्तिक व शैक्षणिक स्थितीत अंतर आहे. दुसरे कारण सांगणारे आहे : हे अंतर त्या समाजांच्या वृत्तीतून निर्माण झाले. तिसरे, न उच्चारलेले विधान मूल्यनिर्णय करणारे आहे : जो मागे राहिला तो आपल्या मागे राहण्यास स्वतःच जबाबदार आहे. पहिले विधान ढोबळमानाने खरे मानता येते. प्रश्न आहे तो पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत आपण कोणत्या अधिकाराने पोचतो, हा. प्रस्तुत निबंधात या अधिकाराचाच विचार करावयाचा आहे.

२

हा प्रश्न केवळ यवतमाळ जिल्ह्याचा नाही. स्थलांतरितांच्या दोन समूहांना शेजारी शेजारी उभे करून त्यांची उंची मोजण्याची सवय जगभर आढळते. अमेरिकेतील फिलिपिनो आणि आफ्रिकी स्थलांतरितांची तुलना हे तिचे एक बोलके उदाहरण आहे. फिलिपिनो कुटुंबाचे सरासरी उत्पन्न तेथील राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक असते. आफ्रिकी स्थलांतरितांत शिक्षण बरेच असूनही उत्पन्न तुलनेने कमी राहते. यावरून एका समूहाच्या कष्टाळूपणाची, कुटुंबनिष्ठेची स्तुती होते आणि दुसऱ्याच्या बाबतीत सूचक मौन पाळले जाते.

परंतु हे समूह कोणत्या दारातून आत आले ते पाहू. फिलिपिन्स १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात गेले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि परिचारिकांचे शिक्षण अमेरिकी धर्तीवर दिले जाऊ लागले. १९६५ च्या कायद्याने व्यावसायिक कौशल्याला आणि कौटुंबिक नात्याला प्राधान्य दिले, तेव्हा अमेरिकी रुग्णालयांना हवे असलेले मनुष्यबळ अर्ध्या शतकापूर्वीपासून तयार होत आले होते. आफ्रिकी स्थलांतरितांचे दार एक नव्हते. कोणी विद्यार्थी म्हणून गेला. कोणी १९८० च्या निर्वासितविषयक कायद्याखाली, तर कोणी १९९० च्या कायद्यातील सोडतीमुळे. नायजेरियातून गेलेला डॉक्टर आणि १९९१ नंतर यादवीतून जीव वाचवून, छावणीत वर्षे काढून पोचलेला सोमाली शेतकरी यांना 'आफ्रिकी' या एका शब्दात बसविले जाते. एका बाजूला एक देश आणि दुसऱ्या बाजूला अख्खे खंड अशी ही तुलना असते. तिचे माप सुरुवातीलाच चुकलेले असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तीच फिलिपिनो स्त्री अमेरिकेतील रुग्णालयात परिचारिका म्हणून उभी असते आणि हाँगकाँगमध्ये किंवा आखातात परक्या घरात मोलकरीण म्हणून राबते. संस्कृती तीच, भाषा तीच, कुटुंबनिष्ठाही तीच. दार मात्र वेगळे. आपल्याकडेही याचा पडताळा मिळतो. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या हिंदी माणसांत मराठी माणसेही होती, आणि १९६५ नंतर अमेरिकेत अभियंते व डॉक्टर म्हणून गेली तीही मराठी माणसेच. दोन्ही ठिकाणच्या मराठीपणाची सांपत्तिक फळे वेगळी निघाली. वृत्ती हेच कारण असते, तर असे व्हावयास नको होते.

३

आता तांडा आणि पोड यांच्याकडे वळू. बंजारा हा वाटेवरचा समाज. लमाणांचे बैलांचे तांडे धान्य, मीठ, कापूस वाहून नेत. सतराव्या शतकातील मोगलांच्या दख्खन मोहिमांना आणि पुढे १८०३ च्या युद्धात इंग्रजी फौजांनाही रसद पुरविण्यासाठी त्यांची गरज होती. रेल्वे नव्हती तोवर वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि हा व्यवसाय मोडत गेला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकेपणालाच संशयाखाली आणले. समाज उद्ध्वस्त झाला, हे खरे. पण व्यवसाय गेला तरी त्या व्यवसायाने दिलेल्या काही गोष्टी उरल्या : बाजारभावाची जाण, परक्या भाषेत सौदा करण्याचा सराव, सत्तेशी बोलण्याची सवय आणि नायकाच्या नेतृत्वाखाली एकत्र राहणारी संघटना. पुसद-दिग्रस परिसरात जे तांडे शेतीवर स्थिरावले, त्यांच्यापाशी ही शिदोरी होती. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात. ही या इतिहासाची एक फलश्रुती आहे.

कोलामांचा रस्ता वेगळा. यवतमाळ, वर्धा, नांदेड आणि पलीकडचा आदिलाबाद या डोंगराळ पट्ट्यात फिरती शेती, वनोपज आणि बांबूकाम यांवर जगणारा हा समाज. त्याचे ज्ञान डोंगराचे होते : कोणत्या उतारावर किती वर्षे पेरावे, जमीन केव्हा सोडून द्यावी, कोणता कंद केव्हा खणावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वने राखीव करण्याचे धोरण आले आणि हे ज्ञान एका फटक्यात अपराध ठरले. लमाणाचा व्यवसाय बाजाराने मोडला, तरी बाजारात शिकलेले त्याला दुसरीकडे वापरता आले. कोलामाचे ज्ञान ज्या जमिनीशी बांधलेले होते, तीच त्याच्या पायाखालून काढून घेतली गेली. तो कोठेही न जाता आपल्याच डोंगरात उपरा झाला. पुढे सपाटीवर आला तो सावकाराच्या आणि कापूस पिकविणाऱ्याच्या शेतात मजूर म्हणून. आदिवासींच्या हस्तांतरित झालेल्या जमिनी परत करण्यासाठी १९७४ मध्ये राज्याला कायदा करावा लागला. त्या कायद्याची गरज पडणे हाच जमिनी कशा गेल्या याचा पुरावा आहे. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची नोंद विशेषत्वाने असुरक्षित म्हणून झाली आहे, त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम आहेत.

म्हणजे एकाला व्यवस्थेची गरज भागविताना वाट मिळाली आणि दुसऱ्याचे असणेच व्यवस्थेला अडचणीचे वाटले. 'पुढे गेले' आणि 'तिथेच राहिले' या शब्दप्रयोगांतून हा सारा इतिहास गळून पडतो. तसेच, सरासरीच्या नावाखाली आणखी एक गोष्ट लपते. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या मजुरांत बंजारा कुटुंबेही मोठ्या संख्येने असतात. मुख्यमंत्रिपद आणि कोयता ही दोन्ही एकाच समाजाच्या हाती आली. यांपैकी त्या समाजाची 'वृत्ती' कोणती म्हणावी?

४

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. सारे काही दारावर आणि इतिहासावर सोपविले, तर माणसाच्या प्रयत्नाला अर्थ काय उरला? चिमणीच्या उजेडात शिकून वर आलेल्या तांड्यावरच्या मुलाचे श्रेय आपण हिरावून घेत नाही काय? जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात जन्मजात स्थान आणि गुणसंपदा यांना नैतिकदृष्ट्या यादृच्छिक ठरविले, तेव्हा त्यांच्यावरही असाच आक्षेप घेतला गेला होता.

माझ्या मते या आक्षेपाचे उत्तर श्रेय आणि दोष यांच्यातील असममितीत आहे. ज्याने यश मिळविले त्याच्या प्रयत्नाला आपण श्रेय देतो, कारण यशामुळे तो प्रयत्न आपल्याला दिसतो. परंतु जेथे यश दिसत नाही तेथे प्रयत्न झाला नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. पहाटे उठून सरपण आणणारी, दिवसभर परक्याच्या शेतात कापूस वेचणारी, रात्री टोपल्या विणणारी पोडावरची बाई कमी कष्ट करते, असे कोण म्हणेल? तिच्या कष्टाचे यशात रूपांतर करणारे साधन तिच्यापाशी नाही, इतकेच. अमर्त्य सेन यांनी समतेचा विचार करताना संसाधनापेक्षा माणूस त्या संसाधनाचे काय करू शकतो याकडे लक्ष वेधले, ते येथे उपयोगी पडते. तेव्हा तांड्यावरच्या मुलाला द्यावयाचे श्रेय पूर्ण द्यावे. पण त्या श्रेयाची वजाबाकी करून पोडाच्या नावे दोष मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. श्रेय हे तुलनेशिवायही देता येते. दोषाला मात्र नेहमी एखाद्या शेजाऱ्याचे उदाहरण लागते.

५

अशा तुलनेचा लाभ कोणाला होतो, हेही विचारावयास हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमतेचे जे विश्लेषण केले त्याचे मर्म असे की, या रचनेत प्रत्येकाची तक्रार सर्वांत वरच्याविरुद्ध एकवटत नाही; प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी असल्याचे समाधान असते. वंचितांमधील तुलना ही त्या श्रेणीची भाषा आहे.

आमच्या जिल्ह्याच्या सीमेवर हे फार स्पष्टपणे दिसते. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत, आणि १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानंतर तेलंगणाच्या भागात अनुसूचित जमातींत. तोच समाज, तीच गोरबोली. तीन राज्यांत तीन ओळखी. तेलंगणाच्या भागातील त्या निर्णयानंतर आदिलाबादमध्ये लंबाडा आणि गोंड-कोलाम यांच्यात जमीन व सवलतींवरून जो ताण निर्माण झाला, तो २०१७ मध्ये उघड संघर्षापर्यंत गेला. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे बंजारा समाजाने अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी लावून धरली आणि तिला विरोध करीत आदिवासी समाजही रस्त्यावर उतरला. या मागणीचा घटनात्मक निर्णय देणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नव्हे. परंतु त्या काळात दोन्ही बाजूंनी वापरली गेलेली भाषा त्याने ऐकावयास हवी. 'ते बाहेरचे' आणि 'ते मागासच राहणार' ही दोन वाक्ये परस्परविरोधी वाटली, तरी एकाच व्याकरणातून आलेली आहेत. एक स्थलांतराला अपराध ठरविते, दुसरे स्थिर राहण्याला. ऊसतोडीला जाणारी आणि कापूस वेचणारी अशी दोन माणसे एकमेकांचा हिशेब तपासू लागली, की मूळ हिशेबवही कोणाकडे आहे हा प्रश्न मागे पडतो.

६

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. पोडाचे आत्मकथन आपल्या अभ्यासक्रमात का नाही? समीक्षेलाही तुलनेची तीच सवय आहे, हे येथे मान्य करावे लागते. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी मराठी साहित्याचा परीघ विस्तारला, हे आपण योग्य अभिमानाने सांगतो. पण आत्मकथन हा वाङ्मयप्रकारही एका दारातूनच जन्माला येतो. वसतिगृह, महाविद्यालय, प्रमाण मराठीवरची पकड, चळवळीचे व्यासपीठ, हस्तलिखित वाचणारा संपादक एवढे सारे जुळून यावे लागते. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. मराठीत लिहिताना कोलाम मुलाला बंजारा मुलापेक्षाही लांबचे अंतर कापावे लागते. या भाषेचे एम. बी. एमेनो यांनी केलेले सविस्तर वर्णन १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध झाले. वर्ध्याची कोलामी जगाच्या भाषाशास्त्रात पोचली. तिच्या शेजारच्या मराठी विभागांच्या अभ्यासपत्रिकांत मात्र ती सहसा दिसत नाही. हा दोष कोलामांच्या वृत्तीचा म्हणावयाचा काय?

संहितेच्या अभावाला अनुभवाचा अभाव समजणे आणि यशाच्या अभावाला प्रयत्नाचा अभाव समजणे या एकाच प्रकारच्या चुका आहेत. तुलना त्याज्य आहे असे मला म्हणावयाचे नाही. तुलनेशिवाय विषमता दिसणारच नाही, आणि जी दिसत नाही तिच्यावर उपायही होत नाही. परंतु नीतीच्या दृष्टीने ग्राह्य ठरणाऱ्या तुलनेला दोन अटी पाळाव्या लागतील. तिने दोन समूहांबरोबर त्यांच्या दारांचीही तुलना केली पाहिजे. आणि तिचा निष्कर्ष ज्याने दार बांधले त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे, शेजाऱ्यापाशी थांबता कामा नये.

त्या दिवशी मी वर्गात यांपैकी काहीच बोललो नाही. तास संपत आला होता आणि 'तांडा'ची पुढची प्रकरणे राहिली होती, असे कारण मी स्वतःला दिले. मागच्या बाकावरचा तो मुलगा तांड्यावरचा नव्हता आणि पोडावरचाही नव्हता. तो बागायती शेती असलेल्या घरातला होता. दोन समाजांची तुलना त्याला इतकी सहज कशी जमली, हे विचारण्याचे मला तेव्हा सुचले नाही. ती विद्यार्थिनी कोठली, हेही मी विचारले नव्हते.