हुजरा, कोपी आणि केबिन

घर लहान असावे, हलके असावे, उचलून दुसरीकडे नेता यावे आणि त्याच्या दारातून डोंगर दिसावा, अशी इच्छा अलीकडे शहरातल्या सुखवस्तू माणसांना फार जोरात होऊ लागली आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तिची उदाहरणे जाता-येता दिसतात. 2018 मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. धरणांच्या काठाने, घाटमाथ्याच्या वाटेवर तंबू, लाकडी खोल्या, पोलादी डब्यासारख्या केबिन दिसू लागल्या. निसर्गाशी नाते जोडणारे घर, असे त्यांचे वर्णन केले जाते. आम्हांला या इच्छेची थट्टा करायची नाही. इच्छा चांगलीच आहे, आणि आपल्याला ती परकी तर मुळीच नाही.

मदिनेच्या मशिदीला लागून पैगंबरांचे हुजरे होते. कच्च्या विटांच्या भिंती आणि वर खजुराच्या झावळ्या. सूरह नह्लमध्ये अल्लाहच्या देणग्या मोजताना स्थिर घराबरोबर जनावरांच्या कातड्याच्या, मुक्कामाला आणि प्रवासाला हलक्या अशा तंबूंचाही उल्लेख येतो. इतके लांब जायलाही नको. रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत एतिकाफला बसणारा माणूस मशिदीच्या कोपऱ्यात चादर बांधतो. वळकटी, कुरआन, तांब्या, एवढाच त्याचा संसार. ती जागा अपुरी पडल्याची तक्रार कोणी केलेली आम्ही ऐकलेली नाही. पण हेही खरे, की त्याचे जेवण घरून येते, आणि ईदचा चंद्र दिसला की चादर सोडून तो घरी जातो. त्याचे लहानपण त्याने स्वतः निवडलेले असते, आणि त्याला मुदत असते.

जुन्नर म्हटले की आपल्या लेखकांना मलिक अहमदने 1490 मध्ये उभारलेली निजामशाही आणि हापूसबागेतला सौदागर घुमट आठवतो. आम्हांला इथे मेलेल्यांच्या मोठ्या घराविषयी नव्हे, जिवंतांच्या लहान घराविषयी बोलायचे आहे. त्या दृष्टीने पाहिले तर लेण्याद्री, तुळजा, मानमोडी इथल्या बौद्ध लेण्यांतल्या खोल्या अधिक बोलक्या आहेत. जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी खोली, दगडातच कोरलेला ओटा. भिक्खूने पावसाळ्यात एका जागी राहावे आणि एरवी चालत राहावे, असा त्यांचा नियम. खोली उचलता येत नव्हती, म्हणून माणूसच हलका झाला होता. आजच्या केबिनवाल्यांनी नेमके उलट केले आहे. घर हलके केले, माणूस आहे तेवढाच जड ठेवला. शहरातला फ्लॅट तसाच राहतो आणि डोंगरावरची केबिन त्यात वाढीव होते. दुसरे घर कितीही लहान असले तरी ते साधेपणात कसे मोजायचे? शिवाय पोलादी डबा नेण्यासाठी वळणावळणाचा रस्ता रुंद करायचा, क्रेन आणायची, उतार जेसीबीने सपाट करायचा. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. कारण अतिवृष्टीचे होते, पण उतार सपाट करण्याच्या कामांकडेही तेव्हा बोट दाखवले गेले. त्या तालुक्यात उताराला हात लावताना तरी माणसाने दोनदा विचार करावा.

खरे फिरते घर याच दोन तालुक्यांत जुनेच आहे. पावसाळा सरला की मेंढपाळांचे वाडे येतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, पाल, कोकरे, कधी त्यावर एखादे मूलही. मेंढ्यांभोवती वाघर लावली की झाले गाव वसले. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. वाडा हलतो तेव्हा मागे लेंडीखत राहते. जमिनीकडून काही न घेता तिला देऊन जाणारे घर कोणाला पाहायचे असेल, तर त्याने हे पाहावे.

दुसरे फिरते घर म्हणजे कोपी. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने या भागात आहेत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोड कामगार येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत राहतात. बांबूच्या कामट्या, पाचट किंवा ताडपत्री, खाली माती. केबिनचे सगळे गुण कोपीत आहेत. ती लहान आहे, नेता येते, तिचे पाचट मातीत मिसळून जाते. निसर्गाशी नाते तर इतके जवळचे, की उसात व्यालेली बिबट्याची मादी दहा पावलांवर असते! जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांच्या जुन्नर वनविभागात माणूस आणि बिबट्याचा हा संघर्ष 2001 च्या सुमारास उफाळला आणि अजून शमलेला नाही. उघड्यावर निजणाऱ्याला त्याची झळ आधी लागते. कोपीला दार नसते. बाईला आंघोळीला आडोसा नसतो. आणि एका ठिणगीने पाचट पेटते.

मग तेच लहानपण एका ठिकाणी पुण्याचे आणि दुसऱ्या ठिकाणी लाजिरवाणे का? आमच्या मते फरक चौरस फुटांत नाही. एतिकाफवाला उठून घरी जाऊ शकतो. केबिनवाला रविवारी संध्याकाळी गाडीत बसू शकतो. उचल घेऊन आलेल्या जोडप्याला पट्टा पडेपर्यंत हलता येत नाही. नाकारता येत नाही त्या घराला साधे राहणीमान म्हणणे ही आमच्या मते फसवणूक आहे. आपल्याकडचे काही वाएज फाक्याची महती गरिबांनाच ऐकवतात, हा त्यातलाच प्रकार.

कोणी म्हणेल, तात्पुरते घर म्हणजे कच्चेच असणार. तसे नाही. 1997 च्या एप्रिलमध्ये मिना इथे आग लागून तीनशेहून अधिक हाजी दगावले. त्यानंतर तिथे आग न धरणारे तंबू उभे राहिले. तिथला मुक्कामही मोजक्याच दिवसांचा. इथे तर पाच-सहा महिने कोपीत बाळंतपणेही होतात.

केबिन रचणाऱ्या तरुण वास्तुरचनाकारांकडे आमचे मागणे आहे. त्यांनी आपले कसब एकदा कोपीवर खर्च करावे. जमिनीपासून हातभर उंच तळ, म्हणजे साप-विंचू आणि ओल आत येणार नाही. न पेटणारे छत. वारा येईल पण पंजा शिरणार नाही अशी जाळी. सौरदिवा. शेजारी आडोशाची मोरी. सगळे सुटे होऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल असे, आणि नवरा-बायको दोघांना तासाभरात उभे करता येईल इतके हलके. खर्च त्या जोडप्याच्या उचलीतून कापायचा नाही, तो कारखान्याने आणि सरकारने वाटून घ्यायचा. ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे, त्याच्यापुढे ही रचना ठेवता येईल. आणि पहिला नमुना उभा राहिला की त्यात रचनाकाराने निदान दहा रात्री सहकुटुंब काढाव्यात, उसाच्या फडाशेजारी. दाराची कडी आतून लागते की नाही, हे तेव्हाच कळेल.