हरवलेले पेन आणि सात मित्र

एका साध्या पेनावरून सात जणांची मैत्री मोडायची वेळ आली, असे कोणी सांगितले तर आपल्याला हसू येईल. ही हकीगत हसण्यासाठीच रचलेली आहे. अमेरिकेत २००९ ते २०१५ या काळात ‘कम्युनिटी’ नावाची एक विनोदी मालिका झाली; तिचा हा भाग तेथील दूरदर्शनवर ११ नोव्हेंबर २०१० रोजी दाखविण्यात आला. शब्बाथ शाळेच्या मुलांना ती सरसकट दाखवावी अशी नाही, हे प्रथमच सांगून टाकतो; तिच्यातील पुष्कळशी थट्टा आम्हांला रुचत नाही. परंतु या एका भागात जो प्रश्न हाताळला आहे, तो आपल्या तरुण संघांतून, वसतिगृहांतून, पंचकमिट्यांतून आणि भावाभावांच्या घरांतून नित्य उभा राहतो. आपल्याच माणसांपैकी कोणी तरी काही घेतले असावे, असा संशय मनात आला तर काय करावे?

ज्या प्रकारच्या कॉलेजात ही गोष्ट घडते ते आपल्याकडील कॉलेजासारखे नसते. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, फी कमी असते आणि बहुधा कोणालाही प्रवेश मिळतो. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले कॉलेज निघाले. त्यामुळे वर्गात शेजारी कोण बसेल याचा नेम नाही. नुकताच शाळा संपविलेला मुलगा असेल, संसाराची घडी विस्कटल्यावर पुन्हा पुस्तक हाती धरणारी बाई असेल, नाही तर साठी उलटलेले गृहस्थ असतील. मालिकेचे जनक डॅन हार्मन स्वतः कॅलिफोर्नियातील अशाच एका कॉलेजात जात असत. तेथे अभ्यासासाठी जमलेल्या, आपल्याशी कशातच साम्य नसलेल्या माणसांचा त्यांना लळा लागला आणि त्यातून ही मालिका सुचली.

मालिकेतील सात जणही असेच आहेत. जेफ हा खोट्या पदवीवर वकिली केल्यामुळे सनद गमावलेला मनुष्य. शर्ली ही दोन मुलांची आई, नवऱ्यापासून वेगळी झालेली आणि भाविक ख्रिस्ती. आबेद मुसलमान, ॲनी यहुदी, ट्रॉय यहोवाच्या साक्षीदारांच्या घरातला, ब्रिटा देव न मानणारी आणि म्हातारा पिअर्स कुठल्याशा स्वतःच्याच पंथाचा. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, वय एक नाही. त्यांना बांधून ठेवणारे काय, तर अभ्यासिकेतील एक मोठे टेबल आणि एकमेकांवरचा विश्वास. म्हणूनच विश्वासाला तडा गेला तर उरायचे ते फक्त टेबल.

तर एके दिवशी अभ्यास आटोपून सगळे निघण्याच्या बेतात असताना ॲनीला आपले पेन सापडेना. याआधीही तिची पेने अशीच गेली होती. बाहेर मैदानावर कुत्र्याच्या पिल्लांची मिरवणूक निघणार होती आणि सर्वांना ती पाहायची होती. पण ॲनी हट्टाला पेटली : पेन कोणी घेतले ते कळल्याशिवाय कोणी हलायचे नाही. प्रथम सर्वांनी तिची समजूत घातली. मग जेफच चिडला, त्याने दरवाजे बंद करविले, आपली बाहेरची ठरलेली भेट रद्द केली आणि म्हणाला, ठीक आहे, होऊन जाऊ द्या झडती.

येथून पुढे जे होते ते विनोदी असले तरी पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. पिशव्या टेबलावर रिकाम्या झाल्या. आबेदच्या वह्यांत मैत्रिणींच्या अगदी खाजगी गोष्टींची टिपणे निघाली, तेव्हा मैत्रिणी संतापल्या. पिअर्सचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते; ते प्लास्टरसुद्धा फोडून पाहिले. शेवटी बायका एका बाजूला व पुरुष एका बाजूला होऊन अंगावरचे कपडे उतरविण्यापर्यंत मजल गेली. खोलीचा उकिरडा झाला. पेन काही मिळाले नाही.

या सगळ्यांत आम्हांला जास्त सलते ती शर्लीची पिशवी. ती उघडून दाखवायला शर्ली तयार नव्हती. झाले! नकार म्हणजेच कबुली, असे सर्वांनी धरले. चोरी केली नसेल तर लपवायचे कशाला? हा सवाल आपणही किती सहज करतो. अखेर पिशवी उघडली, आणि तिच्यातून पेन नव्हे, तर दिवस राहिले आहेत की नाहीत हे पाहण्याचे साधन निघाले. वेगळ्या झालेल्या नवऱ्याशी तिचा पुन्हा संबंध आला होता. तिची स्वतःचीच अजून खात्री नव्हती; कोणाला केव्हा सांगायचे, सांगायचे की नाही, हे तिचे तिला ठरवायचे होते. तो तिचा हक्क एका पेनापायी गेला. शर्ली ही मालिकेत दुसऱ्यांचा न्याय करण्यात मागे राहणारी बाई नव्हे, त्यामुळे तिची फजिती पाहून काहींना बरेही वाटले असेल. पण झाकलेली प्रत्येक वस्तू चोरीची नसते. माणूस पुष्कळ गोष्टी लाजेने झाकतो, काही दुःखाने झाकतो आणि काही अजून देवापुढेही नीट मांडता आलेल्या नसतात म्हणून झाकतो. झडती घेणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला एकच वस्तू हवी असते आणि तिच्यापायी तो बाकी सगळे उघडे करून टाकतो.

पवित्र शास्त्रात अशीच एक झडती आहे. उत्पत्तीच्या ४४ व्या अध्यायात योसेफाचा कारभारी वडीलभावापासून धाकट्यापर्यंत एकेकाच्या गोण्या सोडवितो. भाऊ निर्धास्त होते. ज्याच्यापाशी प्याला निघेल त्याने मरावे, असे तेच बोलून चुकले होते. प्याला निघाला तो बन्यामिनाच्या गोणीत, आणि बन्यामीन निर्दोष होता. प्याला तेथे मुद्दाम ठेवलेला होता. म्हणजे गोणीत वस्तू सापडली तरी गोणीवाला चोर ठरतोच असे नाही. पण त्या अध्यायात खरी कसोटी चोराची नव्हती. धाकट्याला मिसरात टाकून हे दहा जण पुन्हा घरी जातात काय, ही होती. पूर्वी एकाला त्यांनी वीस रुप्यांना विकलेच होते. या वेळी यहूदा पुढे झाला आणि त्याच्या ऐवजी स्वतः दास म्हणून राहायला तयार झाला. बन्यामिनाने प्याला घेतला की नाही, याचा वाद त्याने घातलाच नाही. घेतला असेल किंवा नसेल. मी त्याच्यासाठी जामीन आहे, एवढेच त्याचे म्हणणे.

अभ्यासिकेत शेवटी जे होते ते याच्या जवळपास जाणारे आहे, परंतु तेथे एक अडचण आहे. दमून, एकमेकांकडे बघायचीही लाज वाटू लागल्यावर ते सात जण ठरवितात की पेन भुताने नेले. खरोखर भूत आहे असे त्यांना वाटत नाही. पण आपल्यापैकी कोणी मित्र मैत्रिणीला इतके रडवील आणि तरी गप्प बसेल, यावर विश्वास ठेवण्यापेक्षा भुतावर विश्वास ठेवणे त्यांना सोपे वाटते.

आमच्या वाचकांपैकी काही जण म्हणतील, हे तर असत्य झाले. ख्रिस्ती माणसाने शांतीसाठी असत्य पत्करावे काय? आक्षेप रास्त आहे. भूत आम्हांलाही नको. त्यांनी सरळ म्हणायला हवे होते की पेन कोठे गेले हे आम्हांस ठाऊक नाही आणि ते शोधण्यासाठी एकमेकांना उघडे पाडण्याची आमची तयारी नाही. ते खरे झाले असते. मात्र भुताच्या बोलण्याखाली जो निश्चय आहे तो आम्ही असत्य मानीत नाही. प्रीती सर्व काही खरे मानते असे पौलाने लिहिले, तेव्हा पुरावे तपासून मग विश्वास ठेवावा असे त्याच्या मनात नसणार. पुरावा तपासल्यावर उरते त्याला हिशेब म्हणतात. विश्वास आधी टाकावा लागतो, आणि तो टाकण्यात नुकसानीचा धोका असतो. येथे नुकसान ॲनीचे झाले. तिने ते सोसायचे ठरविले म्हणून बाकीच्यांना घरी जाता आले. ही गोष्ट मालिका भरभर सांगून मोकळी होते, पण सर्वांत मोठी किंमत तिनेच दिली, असे आम्हांस वाटते.

प्रभूच्या शेवटल्या भोजनाचा प्रसंग येथे आठवतो. तुमच्यातील एक जण मला धरून देईल, असे प्रभूने सांगितल्यावर शिष्यांनी एकमेकांच्या पिशव्या पाहिल्या नाहीत. मत्तय सांगतो की प्रत्येकाने विचारले ते स्वतःविषयी. आणि योहान सांगतो की यहूदा इस्कर्योत उठून बाहेर गेला तेव्हा काहींना वाटले, तो सणासाठी काही विकत आणायला किंवा गरिबांना काही द्यायला गेला असेल. ते चुकले होते. योहान तर असेही नमूद करतो की थैली यहूदाजवळ असे आणि तो तिच्यातून घेत असे. मग ते अकरा जण भोळसट होते म्हणायचे काय? ज्याला सर्व ठाऊक होते त्याने तरी कोठे झडती घेतली? त्याने थैलीही काढून घेतली नाही, आणि त्या रात्री जे पाय धुतले त्यांत यहूदाचेही होते.

परंतु एवढ्यावरून कोणी मंडळीच्या खजिनदाराचे हिशेब तपासू नयेत असा अर्थ काढील, तर तो सोयीचा अर्थ होईल. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमलेला निधी नेताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेले दुसरे बंधू दिले, कोणी दोष लावू नये म्हणून. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात हे आहे. येथे कोणावर संशय नव्हता. पैसे जायच्या आधीच व्यवस्था झाली होती. दानार्पण दोघांनी मोजावे, वही दरसाल तपासली जावी, ही पौलाची रीत. ती नसते म्हणूनच मग एक दिवस पैसे कमी भरतात आणि पिशव्या उघडण्याची पाळी येते. आधी केलेली व्यवस्था सर्वांना सारखी लागू असते. मागाहून केलेली झडती मात्र नेहमी कोणाकडे तरी बोट दाखविते, आणि बहुधा ते बोट गरिबाकडे किंवा नव्या आलेल्याकडे वळते.

दुसरी एक मर्यादा याहून कडक आहे. जेथे दुबळ्याला इजा झाली आहे तेथे भुताचे नाव सांगणे हे पाप आहे. मूल दुखावले गेले, हाताखालच्या बाईशी कोणी गैर वागला, आणि मंडळीच्या नावासाठी वडील लोक म्हणाले की झाले गेले विसरा, तर ती प्रीती नव्हे. याचा दाखला याच मालिकेच्या इतिहासात आहे. पेनाचा हा भाग मेगन गँझ या तरुण लेखिकेने लिहिला. मालिकेवर त्या काम करीत असताना आपण वरिष्ठ या नात्याने त्यांच्याशी अयोग्य वागलो, हे डॅन हार्मन यांनी जानेवारी २०१८ मध्ये आपल्या श्राव्य कार्यक्रमात जाहीरपणे आणि तपशिलाने कबूल केले, व गँझ यांनी ती क्षमायाचना जाहीरपणे स्वीकारली. तेथे पेन कोणी नेले हे कळल्यावाचून चालणारच नव्हते. आणि ते सांगितले कोणी, तर ज्याने नेले त्याने. दुसऱ्या कोणाच्या झडतीने जे साधले नसते ते एका कबुलीने साधले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना हा विषय पुस्तकी वाटणार नाही. रंगीत खडूंची पेटी हरवते, नवीन खोडरबर जाते, आणि ज्याचे गेले ते मूल रडत रडत एका विशिष्ट मुलाचे नाव घेते. दप्तरे उघडायला लावणे हा सर्वांत सोपा उपाय, कारण पाच मिनिटांत निकाल लागतो. पण त्या पाच मिनिटांत एखाद्याच्या दप्तरातून कोरडी भाकरी निघते, एखाद्याच्या दप्तरातून भावाची फाटकी वही निघते आणि सगळा वर्ग ती बघतो. आमचे मत असे की शिक्षकाने स्वतःच्या खिशातून एक खोडरबर आणून द्यावे, ज्याने घेतले असेल त्याने एकांतात येऊन सांगावे म्हणून दार उघडे ठेवावे, आणि ज्या मुलाचे नाव घेतले गेले त्याला त्या रविवारी अर्पणाची थाळी फिरवायला सांगावी.

आता त्या पेनाचे काय झाले ते सांगायचे राहिले. ते एका माकडाने नेले होते. ट्रॉयने पाळलेले माकड पूर्वी पळून जाऊन कॉलेजच्या हवेच्या नळ्यांत राहू लागले होते; भागाच्या अगदी शेवटी प्रेक्षकांना ते आपल्या लुटीसह दिसते, सात मित्रांना दिसत नाही. पुढे एप्रिल २०११ मध्ये दाखविलेल्या दुसऱ्या एका भागात माकडाचा पाठलाग करता करता हरवलेल्या वस्तूंचा तो सगळा साठा त्यांच्या हाती लागतो. आपल्यापैकी कोणीच चोर नव्हते हे त्या दिवशी त्यांना डोळ्यांनी दिसले. तरीही त्या दिवशी ते आनंदाने नाचले नाहीत. एकेक वस्तू हातात घेऊन वर्षभराच्या आठवणी काढता काढता, दुसऱ्याच काही लपविलेल्या गोष्टीवरून त्यांचे पुन्हा भांडण जुंपले, त्याच टेबलाभोवती.